गणित कच्चं आहे, तर कॉलेजात कोणतं गणित घ्यावं?

बारावी सायन्सला गणितात 38 मार्क, म्हणजे काठावर पास. आता नागपुरातच पुढे शिकायचंय. बी.एस्सी.ला गणित ठेवावं, 'सोपं' म्हणून संख्याशास्त्र घ्यावं की सरळ बी.सी.ए.ला जावं, असं तुम्ही मुलाबद्दल विचारलंय. मी बरीच वर्षं धरमपेठेत शिकवण्या घेते. त्याआधी स्वतः बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी गणितात आपटलेय, त्यामुळे दोन्ही बाजू माहीत आहेत.

संख्याशास्त्र सोपं, ही अफवा कोण पसरवतं देव जाणे! सुरुवातीला सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन असतं, पोरं खूश. मग सतत चलाची, म्हणजे उंची-वजनासारख्या मधली कुठलीही किंमत घेणाऱ्या राशींची, वितरणं येतात. तिथे संभाव्यता काढायची म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ काढायचं, म्हणजे पुन्हा इंटिग्रेशन. ज्याच्यापासून पळाला, तेच पुढ्यात. कॉमर्सचं स्टॅटिस्टिक्स मात्र वेगळं. सहसंबंध, निर्देशांक, काळश्रेणी. तक्ता नीट मांडला आणि आकडेमोड सांभाळली की बरंचसं निभतं.

बी.सी.ए.ला बहुतेक ठिकाणी डिस्क्रीट मॅथ्स असतं: संच, तर्क, ग्राफ (म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची जाळी). साइन-कॉसचा तिथे फारसा संबंध नाही. माझ्याकडची एक मुलगी त्रिकोणमितीचं नाव काढलं की रडवेली व्हायची, पण तर्कातली ट्रुथ टेबल, म्हणजे विधान खरं की खोटं याचे तक्ते, भराभर मांडायची. गणित सोडून फिजिक्स धरायचा विचार असेल तर तो आधीच डोक्यातून काढा. तिथेही डेरिव्हेटिव्हशिवाय पान हलत नाही.

म्हणून कोर्स निवडण्याआधी मुलाचं गणित नेमकं कुठे अडतं ते शोधा. माझंच सांगते. लिमिटची व्याख्या मला तोंडपाठ होती, पण शून्य भागिले शून्य आलं की अवयव पाडून वर-खालचा सारखा अवयव काटायचा असतो, तिथे मी अडायची. म्हणजे दुखणं कॉलेजचं नव्हतंच, आठवीचं होतं. आठवी-नववीची गणिताची पुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतात. त्यातली वीस गणितं काढा: अपूर्णांक, अवयव, रेषीय समीकरणं. पोराला कूलरसमोर बसवा, अर्धा तास द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. (अ+ब) चा वर्ग त्याने अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग असा लिहिला, तर बी.एस्सी.ला गणित आणि संख्याशास्त्र दोन्ही नको. बी.सी.ए.सुद्धा हे दुरुस्त केल्यावरच. रोज तासभर बसला तर दोनेक महिन्यांत होतं. वीसपैकी सोळा-सतरा बरोबर आली आणि घोळ फक्त बारावीच्या इंटिग्रेशनचा असेल, तर गणित ठेवायला मी भिणार नाही. 38 मार्क बऱ्याचदा सरावाअभावी पडतात.

प्रवेशाआधी पहिल्या सेमिस्टरचा अभ्यासक्रम आणि जुने पेपर बघाच. कॉलेजात जाऊन ट्युटोरियलचे तास खरंच होतात का, हे सरांना नाही, दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा.

एक खटकलं, ताई. एवढा मोठा प्रश्न लिहिलात, पण मुलाला स्वतःला काय शिकायचंय ते त्यात कुठेच नाही. ते विचारा, आणि त्या वीस गणितांचं काय झालं तेही कळवा.