कॅन्सल : जाळीतून आलेला शब्द

आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका मावशींनी परवा गाठून विचारलं. त्यांच्या बचत गटातल्या बायकांना कर्जाच्या कागदांबरोबर एकेक 'कॅन्सल चेक' जोडायला सांगितलं होतं. मावशींचं म्हणणं, "एकदा रद्द क्येला म्हटल्यावर त्यो कागद घिऊन त्यास्नी काय लोणचं घालायचं हाय? कॅन्सल म्हंजे रद्दच न्हवं?" सोबत नात होती, तिची शंका वेगळी. कॉलेजचं गॅदरिंग पुढच्या महिन्यावर गेलं, तर सगळी मुलं 'गॅदरिंग कॅन्सल झालं' म्हणतात. हे बरोबर आहे का?

मावशींचा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर शब्दाच्या जन्मातच आहे. लॅटिनमध्ये 'कांकेल्ली' म्हणजे जाळी, एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना असते ना, तसली. त्यावरून 'कांकेल्लारे' हे क्रियापद झालं : लिहिलेल्या मजकुरावर तिरक्या रेघांची जाळी मारणे. कर्ज फिटलं, करार संपला, की त्या दस्तावर उलटसुलट रेघा ओढायच्या. हाच शब्द फ्रेंचमार्गे मध्ययुगात इंग्रजीत आला आणि 'कॅन्सल' झाला. म्हणजे कॅन्सल करणे हे आधी हाताने, लेखणीने करायचं काम होतं. रद्द ठरवणे हा अर्थ त्या रेघांमागून आला.

यातली खरी गंमत अशी की जाळीआडचं दिसत राहतं. खिडकीच्या जाळीतून रस्ता दिसतो तसा रेघांखालून मजकूर वाचता येतो. दस्त फाडला नाही, जाळला नाही, अक्षरं खरवडली नाहीत. कोणी कोणाला किती दिलं होतं हे पुढेही वाचता यावं, फक्त त्या कागदाच्या जोरावर कोणाला काही मागता येऊ नये. कागद राहतो, त्याचा अंमल संपतो. आपल्याकडचे दुकानदार उधारीच्या वहीत हेच करतात. पैसे आले की नोंदीवर काट मारतात, पान फाडत नाहीत.

म्हणून मावशी, तुमच्या चेकचं असं. त्यावर तुमचं नाव, खाते क्रमांक आणि बँकेची शाखा ओळखणारा अकरा अक्षर-अंकांचा आयएफएससी कोड छापलेला असतो. बँकेला हवं असतं ते एवढंच. दोन समांतर रेघा मारून मध्ये 'कॅन्सल्ड' लिहिलं की त्या चेकवर पैसे निघत नाहीत, पण माहिती जशीच्या तशी वाचता येते. सही मात्र करायची नाही, त्या कामाला ती लागतच नाही.

इथे एक घोटाळा बरेच जण करतात, तो सांगून टाकतो. चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन छोट्या तिरक्या रेघा मारतात, ते कॅन्सल करणं नव्हे. तो क्रॉस केलेला, म्हणजे रेखांकित चेक. तो चांगला जिवंत असतो, फक्त काउंटरवर रोख मिळत नाही, रक्कम खात्यातच जमा होते. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्यात, या दोन गोष्टींची कलमंही वेगवेगळी आहेत. रेघा दोन्हीकडे दोनच. कुठे मारल्या आणि मध्ये काय लिहिलं यावर सगळं ठरतं.

टपाल तिकिटावरचा शिक्का हेही कॅन्सल करणंच. १८४० साली ब्रिटनने पहिलं चिकटवायचं तिकीट काढलं, तेव्हा ते पुन्हा कोणी वापरू नये म्हणून त्यावर लाल शाईने क्रॉसच्या आकाराचा शिक्का मारत. लाल शाई पुसून काढता येते हे ध्यानात आल्यावर पुढच्या वर्षी शिक्का काळा झाला. शाळेत अपूर्णांक सोडवताना वरच्या-खालच्या पाचांवर आपण तिरकी रेघ मारतो आणि 'पाच कॅन्सल' म्हणतो, तिथेही मूळ चित्र शाबूत आहे.

त्याच जाळीची दुसरी फांदी आपल्या शिवाजी विद्यापीठापर्यंत आली आहे. रोमन न्यायालयात न्यायाधीश आणि लोक यांच्यामध्ये जाळीचा कठडा असे. त्या जाळीपाशी उभा राहणारा सेवक तो 'कांकेल्लारियुस'. पुढे तो कारकून झाला, मग राजाचा सचिव, आणि चढत चढत 'चॅन्सेलर' झाला. १९६२ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाचे चॅन्सेलर, म्हणजे कुलपती, राज्यपाल असतात. मला मात्र हा शब्द ऐकला की जुन्या पतसंस्थेतले लोखंडी जाळीमागे बसलेले कॅशियर आठवतात. कॅन्सल आणि चॅन्सेलर सख्खी भावंडं आहेत, हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

कॅन्सरशी याचा संबंध जोडू नये. तो लॅटिनमधल्या खेकड्याचा शब्द, संस्कृतातल्या 'कर्कट'चा नातलग. म्हणून तर आपण कर्करोग म्हणतो.

आता रद्द. हा अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. 'रद्द' म्हणजे परतवणे, नाकारणे. तिथे रेघ नाही, आलेली वस्तू मागे सारणारा हात आहे. रद्दी त्यातलीच, नाकारलेला माल. कोर्टाच्या भाषेतला 'रद्दबातल' तर जोडशब्द आहे, कारण 'बातिल' म्हणजेही निरर्थक, पोकळ. त्यामुळे रद्द म्हटलं की मावशींच्या डोळ्यांपुढे रद्दी आली आणि कॅन्सल चेक त्यांना निरुपयोगी वाटला, यात त्यांचं काही चुकलं नाही. दोन शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी चालतात, पण पोटातली चित्रं निराळी आहेत.

मराठीने दोन्ही पाहुण्यांना वागवलं मात्र एकसारखं. रद्द करणे, रद्द होणे. कॅन्सल करणे, कॅन्सल होणे. दोन्हींना आपल्या 'करणे-होणे'चा आधार दिला. पूर्वेकडच्या गावांत 'क्यान्सल' म्हणतात, तेही आपल्या तोंडाला साजेसं आहे. या 'होणे'मुळे इंग्रजी बोलताना मात्र चूक होते. 'गाडी कॅन्सल झाली' हे मनात धरून मुलं 'ट्रेन कॅन्सल्ड' एवढंच म्हणून मोकळी होतात. इंग्रजीत गाडी आपण होऊन कॅन्सल होत नाही, तिला कोणीतरी करावं लागतं. म्हणून 'ट्रेन वॉज कॅन्सल्ड' म्हणायचं, मधला 'वॉज' गाळायचा नाही.

नातीला उत्तर : नाही, गॅदरिंग कॅन्सल झालेलं नाही, पुढे ढकललं गेलं आहे. इंग्रजीत त्याला 'पोस्टपोन'. आपल्याकडे तर यासाठी बारीक बारीक छटांचे शब्द आहेत आणि सहकारात मुरलेल्या कोल्हापूरला ते नोटिशीतून पाठ असतात. गणसंख्या भरली नाही तर सभा 'तहकूब' होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. ती रद्द झाली असं कोणी सभासद म्हणाला तर सचिव लगेच दुरुस्त करतील. लग्न मोडतं, सौदा फिसकटतो, योजना बारगळते. या सगळ्याला 'कॅन्सल' म्हटलं तर काय झालं हे कळतं, कसं झालं ते हरवतं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा कोणाचे बेत रद्द झाले आणि कोणाचे फक्त लांबले, हा फरक घरोघरी मोलाचा होता. रेल्वेची 'अंशतः रद्द' ही घोषणाही मला म्हणूनच नेमकी वाटते. मुंबईहून येणारी गाडी मिरजेलाच थांबणार असेल, तर मिरजेपर्यंतचा प्रवास खरा आणि पुढचा रद्द.

अलीकडे माणसालाही कॅन्सल करतात, म्हणजे त्याचं बोलणं-वागणं खटकलं की सगळे मिळून त्याला उघडपणे झिडकारतात. त्याचं भाषांतर 'वाळीत टाकणे' असं करू नये, असं मला मनापासून वाटतं. वाळीत टाकलेल्या घराचा रोटीबेटीचा व्यवहार तुटतो, मयताला खांदा मिळत नाही. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ चा कायदा करावा लागला. ते दुःख इतक्या हलक्या हाताने वापरायचं नाही. 'बहिष्कार' पुरे.

राहता राहिली मावशींच्या गटाची सूचना. फळ्यावर 'रद्द चेक आणा' लिहिलं तर बायका घरात पडलेले, खाडाखोड झालेले जुने चेक घेऊन येतील. मी त्यांना असं लिहून दिलं : 'एक कोरा चेक आणावा. त्यावर सही करू नये. दोन रेघा मारून मध्ये कॅन्सल लिहावं. नाव आणि खाते क्रमांक रेघांखाली झाकला जाऊ नये.'