'तैनाती फौज' मधली तैनाती कोणाची?

प्रश्न असा आलाय की शाळेत 'तैनाती फौज' (म्हणजे एखाद्या राजाच्या खर्चाने त्याच्याच राज्यात ठेवलेली इंग्रजांची फौज) शिकलो तो शब्द आणि 'चौकात पोलीस तैनात' मधला शब्द एकच का, आणि फौज इंग्रजांची, राज्य दुसऱ्याचं, मग इंग्रजांचा गव्हर्नर जनरल वेलस्ली याला शेजाऱ्याच्या घरात आपले शिपाई नेऊन ठेवायची एवढी हौस कशाला होती. पुढे असंही विचारलंय की आज एखाद्या देशात परक्यांचा लष्करी तळ असेल तर त्याला तैनाती फौज म्हणावं का.

शब्द एकच आहे. अरबीत 'तअय्युन' म्हणजे नेमणं, ठरवून देणं, त्याचं अनेकवचन तअय्युनात, ते घासून घासून तैनात झालं. आता गंमत अशी की आज आपल्याला तैनात म्हटलं की ड्युटीवर उभा माणूस दिसतो, पण पेशवाईतल्या कागदांत तैनात म्हणजे सरळ पगार. 'सालीना तैनात' इतके इतके रुपये, असं सर्रास येतं आणि कोणत्या सरदाराला, कामगाराला काय मिळणार याच्या यादीला म्हणायचेच तैनातजाबता. 'नेमणूक' या आपल्या शब्दाचंही तसंच, आज ती ऑर्डर हातात पडून होते, पण दुसऱ्या बाजीरावाला बिठूरला वर्षाला ८ लाखांची 'नेमणूक' होती म्हणतात तेव्हा तो कुठे नोकरीला लागला नव्हता, पेन्शन होती ती. म्हणजे नेमणं आणि नेमून दिलेले पैसे, दोन्ही अर्थ एकाच शब्दात.

म्हणून तैनाती फौज वाचताना 'तिथे उभी केलेली फौज' एवढंच डोक्यात ठेवलं तर निम्मी गोष्ट हुकते. इंग्रजीतल्या 'सब्सिडिअरी' मधेही सब्सिडीच आहे, म्हणजे पैसाच. हिंदीवाले 'सहायक संधि' म्हणतात, त्यात मदतीचा वास येतो, मला आपला मराठी शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.

आता हौस कशाला. पहिलं म्हणजे ही आयडिया वेलस्लीची नाहीच, आधी फ्रेंचांनी करून दाखवली होती. बुसी हा फ्रेंच सेनापती हैदराबादेत फौज घेऊन बसला होता आणि १७५३ मधे तिथल्या सलाबतजंग निजामाने तिच्या खर्चापोटी 'उत्तर सरकार' नावाचे पूर्व किनाऱ्यावरचे जिल्हे फ्रेंचांना लावून दिले. वेलस्ली (हा गव्हर्नर जनरल, पुढे असईला लढला तो त्याचा धाकटा भाऊ आर्थर) १७९८ मधे कलकत्त्याला उतरला तेव्हा निजामाकडे पुन्हा फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालची पलटणं होती, टिपूचं फ्रेंचांशी सूत जमत होतं आणि त्याच वर्षी नेपोलियन इजिप्तमधे उतरला, त्यामुळे फ्रेंचांची भीती अगदीच खोटी नव्हती. निजामाने त्याच वर्षी तह केला, फ्रेंच पलटणं मोडली, इंग्रजांची सहा पलटणं आली, खर्च वर्षाला २४ लाखांच्या वर, देणार निजाम.

पण नुसती फ्रेंचांची भीती हेच कारण असतं तर हे तिथेच थांबायला हवं होतं. दुसऱ्या बाजीराव पेशव्याने इंग्रजांशी केलेला वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा, आणि त्या वेळी इंग्लंड आणि फ्रान्समधे चक्क शांतता होती, आमियांचा तह मार्चमधेच झाला होता! तरी बाजीरावाच्या गळ्यात किमान ६००० पायदळ मारलं आणि खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख घेतला. युरोपातली शांतता टिकणार नाही असं इंग्रजांना वाटत होतं हे मान्य, पण तहातली बाकीची काही कलमं बघा ना, ईस्ट इंडिया कंपनीला विचारल्याशिवाय पेशव्याने कोणाशी बोलणी करायची नाहीत, निजामाशी आणि गायकवाडांशी जो वाद असेल त्याचा निवाडा कंपनी करणार, सुरतेवरचा हक्क सोडायचा. यात फ्रेंच कुठे आहेत? पुणे दरबार एकटा पाडायचा, चौथाईच्या (दुसऱ्याच्या वसुलातला चौथा हिस्सा मागण्याच्या) मराठी दाव्यांची नांगी मोडायची आणि आपल्या सैन्याचा खर्च दुसऱ्याच्या वसुलातून भागवायचा, मला तरी हीच खरी कारणं दिसतात. कंपनी कर्जात होती, लंडनचे डायरेक्टर खर्चावरून सतत ओरडत असायचे, अशा वेळी शेजाऱ्याच्या पैशावर पोसलेली फौज मिळाली तर कोणाला नको आहे. ती लढाईला मात्र आपल्याच कामाची. पुण्याच्या तैनाती फौजेचा तळ पुढे शिरूर-घोडनदीला होता आणि १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पेशव्याविरुद्ध लढलेली तुकडी निघाली ती शिरूरहूनच.

म्हणजे सोसायटीने पगार द्यायचा आणि वॉचमनने ऐकायचं शेजारच्या बिल्डरचं, वर पगार थकला की बिल्डर म्हणणार एक विंग लिहून द्या. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. रोख पैसे थकायचेच, मग मुलूख तोडून घ्यायचा. टिपूला हरवल्यावर निजामाला त्याच्या राज्यातला जो वाटा मिळाला होता तो १८०० मधे त्याने खर्चापोटी परत कंपनीलाच दिला, बेल्लारी, कडप्पा, अनंतपूर तो भाग. अवधच्या नवाबाचं १८०१ मधे जवळजवळ अर्धं राज्य गेलं. नाना फडणवीस हयात असेपर्यंत पुण्याने हा प्रस्ताव टाळत नेला होता, इंग्रजांनी टिपूच्या मुलुखातला वाटा देऊ केला तोही तैनाती फौजेच्या अटीपायी घेतला नाही, यावरून त्यांना डाव कळला होता असंच म्हणायला लागेल. नाना १८०० च्या मार्चमधे गेले, १८०२ च्या ऑक्टोबरमधे यशवंतराव होळकरांनी हडपसरला बाजीरावाला हरवलं आणि तो पळून वसईला गेला, म्हणजे इंग्रजांना दार फोडावं लागलं नाही, आतल्याने उघडून दिलं. हेही कारणांत धरलं पाहिजे, नुसती वेलस्लीची महत्त्वाकांक्षा म्हणून चालणार नाही.

एक घोळ बऱ्याच लेखांत दिसतो म्हणून सांगतो. १८५३ मधे वऱ्हाड निजामाकडून गेला तो तैनाती फौजेच्या खर्चापोटी नाही, 'कंटिंजंट' नावाची वेगळी फौज होती तिच्या थकबाकीपोटी. ती नावाला निजामाची, अधिकारी इंग्रज. सिकंदराबादची छावणी मात्र खऱ्या तैनाती फौजेची.

आजच्या परक्या तळांबद्दल म्हणाल तर प्रत्येक तळाला हा शब्द लावू नका, ढिला पडतो. जपान अमेरिकन सैन्याच्या खर्चातला वाटा उचलतो पण तेवढ्याने ती तैनाती फौज होत नाही. यजमान खर्च देतोय, त्याला ती परत पाठवता येत नाही आणि तिसऱ्या कोणाशी बोलायचं तर पाहुण्याची परवानगी लागते, हे तिन्ही एकत्र दिसलं तर बिनधास्त वापरा. नुसते परके सैनिक असतील तर 'परक्या फौजेचा तळ' पुरे. आणि हो, 'तैनाती सैन्य' पण चालतं, पण जुन्या पुस्तकांत शोधायचं असेल तर 'फौज' च टाका, लवकर सापडेल.