'बर्डन' आणि 'भार' : नातं आहे, उसनवारी नाही

प्रश्न असा आला आहे : ओझ्याला इंग्रजीत 'बर्डन' आणि आपल्याकडे 'भार'. मग इंग्रजांनी हा शब्द इथूनच उचलला का?

नाही. इंग्रज इथे पोचण्याच्या कितीतरी शतकं आधी जुन्या इंग्रजीत 'बर्थन' होताच. त्याचा पुढे 'बर्डन' झाला, जसा 'मर्थर'चा 'मर्डर'. त्याच्या मुळाशी 'बेअर' हे क्रियापद आहे, म्हणजे वाहणे, पेलणे. हे 'बेअर' आणि संस्कृतातला 'भृ' धातू एकाच इंडो-युरोपीय (म्हणजे संस्कृत, फारसी, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या सगळ्यांच्या समान पूर्वज भाषेतल्या) धातूचे वंशज. भार, गवताचा भारा, भरणपोषण, भर्ता, भृत्य ही सगळी 'भृ'ची पिलावळ. तिकडे 'बर्थ' म्हणजे जन्म हाही 'बेअर'च्याच गोतावळ्यातला. पोटात वाहणं आलंच की.

नुसतं कानाला सारखं लागलं म्हणून असं नातं लावता येत नाही, त्याला नियम लागतो. मूळचा 'भ' संस्कृतात टिकतो, इंग्रजीत 'ब' होतो आणि लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला 'फ'. भ्राता, ब्रदर, फ्रातेर ही ओळ घ्या. तिच्याखाली भृ, बेअर, फेर्रे बिनतक्रार बसतात. ग्रीकमध्ये तोच 'फेरो'. 'फॉस्फरस' म्हणजे प्रकाश वाहणारा, आणि लॅटिनमधला 'ल्युसिफर'ही शब्दशः तोच. दोन्ही नावं मुळात पहाटेच्या शुक्राची, पण एक रसायनशास्त्रात गेलं आणि दुसरं सैतानाला चिकटलं! अस्वलाचा 'बेअर' मात्र या घरचा नव्हे. तो रंगावरून आलेला, तपकिरी अर्थाच्या 'बभ्रु'चा नातलग, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

खरी गंमत मार्केट यार्डात आहे. फारसीत हा 'भ' श्वास टाकून 'ब' होतो, म्हणून ओझं म्हणजे 'बार'. त्याला पानदानातला 'दान' लावला की 'बारदान', माल भरायची पोती. हमाल पोत्याचा भार पाठीवर घेतो आणि मापाडी वजनातून बारदान वजा करतो, तेव्हा एकच शब्द दोन वाटांनी मराठीत आलेला असतो. एक संस्कृतातून, दुसरा फारसीतून.

गाण्याच्या ध्रुवपदालाही इंग्रजीत 'बर्डन' म्हणतात. त्याचा ओझ्याशी संबंध नाही. तो फ्रेंच 'बूर्दाँ'वरून आला, म्हणजे खालचा घुमणारा स्वर.

आणि आपलं 'ओझं'? ते 'भृ'कडचं नाही. प्राकृत 'वोज्झ'मधून आलेलं, मागे 'वह्' धातू. त्याचा इंग्रजी नातलग 'वे', हल्लीच्या अर्थाने वजन करणे, पण जुना अर्थ वाहून नेणे, उचलणे. म्हणूनच जहाज निघताना 'वे अँकर' म्हणतात. तिथे नांगर उचलतात, काट्यावर घालत नाहीत.