अॅब्लेशननंतर खोकल्यातून रक्त येत असेल, तर आधी शिरांचा विचार व्हावा

आपण लिहिले आहे की, वडिलांचे एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी) पुण्यात अॅब्लेशन, म्हणजे हृदयाच्या आत डाग देऊन ठोके नियमित करण्याची प्रक्रिया, होऊन चार महिने झाले, ठोके नियमित आहेत, परंतु जिना चढताना धाप लागते, खोकल्यातून अधूनमधून रक्ताची रेघ येते आणि बेडक्यात जंतू सापडले नसतानाही क्षयाची औषधे सुरू करण्याचा सल्ला मिळाला आहे. ही हकिकत जवळजवळ जशीच्या तशी माझी आहे. फरक इतकाच की, मी सोलापुरात यंत्रमाग कारखान्यात नोकरीला असल्याने माझ्या खोकल्याचे खापर प्रथम कापसाच्या तंतूंवर फुटले.

मी डॉक्टर नाही, आणि वडिलांना खरोखर क्षय नसेलच असेही म्हणत नाही. परंतु अॅब्लेशनमध्ये फुफ्फुसांकडून हृदयाच्या डाव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) येणाऱ्या शिरांच्या तोंडाशीच डाग दिले जातात. क्वचित तो व्रण आकसतो, शीर अरुंद होते, त्या भागात रक्त तुंबते आणि एक्स-रेवर न्यूमोनियासारखा डाग दिसतो. छातीवरून केलेल्या नेहमीच्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हे बहुधा कळत नाही. शिरेतून कॉन्ट्रास्ट (रंगद्रव्य) देऊन सीटी करावा लागतो आणि तोही डावी कर्णिका व शिरा भरतील अशी वेळ साधून. फुफ्फुसात रक्ताची गुठळी असल्याच्या संशयावरून केलेल्या सीटीची वेळ फुफ्फुसाच्या धमनीसाठी साधलेली असते. तो ‘नॉर्मल’ आला म्हणून शिरांबद्दल निश्चिंत होता येत नाही. अॅब्लेशन झाल्याचा उल्लेख तपासणीच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून अवश्य लिहून घ्यावा.

माझे खरे नुकसान मात्र रोगापेक्षा एका रुग्णालयाच्या अभिलेख विभागाने अधिक केले. अॅब्लेशनपूर्वी तेथेच माझा सीटी झाला होता. सोलापुरात नवा सीटी झाला, तेव्हा डावीकडची वरची शीर बारीक दिसली. पण तुलनेसाठी जुनी चित्रे नसल्यामुळे अहवालात ‘मुळातच बारीक असण्याची शक्यता’ असे वाक्य आले आणि प्रत्येक डॉक्टर त्या वाक्यापाशी थांबू लागला. जुनी सीडी मागितली, तर आधी संगणक प्रणाली बदलल्याचे, मग डॉक्टरांची सही लागेल असे, मग रुग्णानेच यावे असे सांगण्यात आले, आणि शेवटी हातात पडली ती टपाल तिकिटाएवढ्या चित्रांची एक फिल्म, जिच्यावरून कोणत्याही शिरेचे माप घेणे शक्य नव्हते. सीडी मिळाली तेव्हा ती शीर मूळची चांगली रुंद असल्याचे स्पष्ट झाले. परंतु तोवर ती पूर्ण बंद झाली होती आणि ती उघडण्यासाठी घातलेली तार तिच्यातून पुढे गेली नाही. तिच्या खालच्या, अरुंद झालेल्या शिरेत स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसला, त्यावर माझे चालले आहे.

वास्तविक भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. तोंडी विनवण्या न करता लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि वडिलांचे सहीचे अधिकारपत्र जोडावे. त्यांना धाप लागत असताना पुण्यापर्यंत नेण्याचे कारण नाही. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने आपण एकटे गेलात तरी चालेल.

निदान पक्के झाले, तर माझे मत असे की, फक्त फुग्याने शीर रुंद करण्यावर फार भिस्त ठेवू नये. ती पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण मोठे असते. स्टेंटमध्ये ते तुलनेने कमी असते, विशेषतः शिरेत आठ-दहा मिलिमीटर किंवा त्याहून रुंद स्टेंट बसत असेल तर. अर्थात शिरेचा आकार पाहून हा निर्णय तज्ज्ञच घेतील. मात्र ‘अशा किती शिरा आपण उघडल्या आहेत?’ हा प्रश्न त्यांना संकोच न करता विचारावा, कारण हृदयाच्या धमनीत स्टेंट घालणारा प्रत्येक जण या कामात मुरलेला नसतो. स्टेंटनंतरही ठरावीक काळाने सीटी करावा लागतो, कारण स्टेंटच्या आतही शीर पुन्हा आकसू शकते आणि लक्षणे उशिरा दिसतात.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर खोकल्यातून रक्त आले म्हणून ती परस्पर बंद करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. रक्ताचे प्रमाण वाढले, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे. आणि सीडी मिळाल्यावर खिडकी सोडण्यापूर्वी ती लॅपटॉपवर उघडून पाहावी. मला दिलेली पहिली सीडी कोरी निघाली होती.