प्रश्न तुमचे: लायब्ररीत क्यू हवी, लिंक्ड लिस्ट नको

प्रश्न: मी एक छोटी प्रोग्रामिंग भाषा तयार करतो आहे. अ‍ॅरे (ओळीने लागून असलेली घरं) आणि हॅशमॅप (की, म्हणजे खुणेचं नाव, दिली की तिचं मूल्य देणारा तक्ता) झाले आहेत. स्टॅक, क्यू, लिंक्ड लिस्ट, ट्री यांपैकी स्टँडर्ड लायब्ररीत काय घ्यावं?

उत्तर: क्यू, म्हणजे आधी आलेला घटक आधी बाहेर सोडणारी रांग, आधी घ्या. ती नसली की लोक अ‍ॅरेच्या पुढच्या टोकाकडून घटक काढतात आणि दर वेळी उरलेले सगळे एकेक घर सरकतात. १ लाख घटकांची रांग अशी रिकामी करताना सुमारे ५०० कोटी सरकवासरकवी होते! चाचणीत दहा घटक असतात, म्हणून हे तिथे कळत नाही.

क्यू वर्तुळाकार अ‍ॅरेवर बांधा, म्हणजे शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिलं घर धरा. ‘सुरुवात’ आणि ‘संख्या’ हे दोन आकडे ठेवा. सुरुवात आणि शेवट ठेवलेत, तर भरलेली रांग आणि रिकामी रांग सारखीच दिसते. जागा संपली की दुप्पट करा, पण घटक रांगेच्या क्रमाने नव्या अ‍ॅरेत उतरवा. आहे तसा अ‍ॅरे उचलला, तर टोकाला वळसा घालून आलेला भाग चुकीच्या जागी बसतो. हमखास चूक होते ती इथेच. भाषेत गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग) असेल, तर काढलेल्या घटकाचं घरही पुसा, नाहीतर ती वस्तू मेमरीत अडकून राहते.

स्टॅक (शेवटी आलेला घटक आधी बाहेर) वेगळा नको, अ‍ॅरेचं शेवटचं टोक पुरतं. जावातला स्टॅक व्हेक्टरपासून निघाला, त्यामुळे त्यात मधेच घटक घुसवता येतो. मग तो स्टॅक कसला? लिंक्ड लिस्ट (प्रत्येक घटक पुढच्याचा पत्ता धरून ठेवतो ती यादी) तर सोडूनच द्या.

कींचा क्रम राखणारा मॅप लागेल, तेव्हा रस्ट भाषेप्रमाणे बी-ट्री (फांद्यांसारखी मांडणी, तिचा प्रत्येक टप्पा म्हणजे नोड) घ्या. एका नोडमध्ये अनेक की शेजारी बसतात, म्हणून कॅशेचा (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीचा) फायदा मिळतो. मात्र कुठल्याही मॅपमध्ये घटकाचा मेमरीतला पत्ता कायम राहील, असं वचन देऊ नका. सी++११ च्या अनऑर्डर्ड मॅपने (तिथल्या हॅशमॅपने) ते दिलं. त्यामुळे घटक थेट टेबलातच ठेवणारी, अधिक वेगवान मांडणी त्याला वापरता येत नाही.

प्रश्न: पायथनच्या हीपक्यूमध्ये (सर्वांत लहान घटक आधी देणाऱ्या मॉड्यूलमध्ये) (प्राधान्य, काम) अशी जोडी टाकतो. कधीकधीच टाइपएरर (त्या प्रकारच्या वस्तूंवर ही क्रिया चालत नाही, अशी चूक) येतो. का?

उत्तर: दोन प्राधान्यं सारखी आली की टपलची (म्हणजे तुमच्या जोडीची) तुलना पुढच्या घटकावर, म्हणजे कामावर जाते, आणि तुमच्या वस्तूंना ‘लहान-मोठं’ ठाऊक नसतं. मधे चढता क्रमांक घाला: (प्राधान्य, क्रमांक, काम). सारख्या प्राधान्याची कामं मग आली त्याच क्रमाने बाहेर पडतील.