मोबाइलवर क्रोम आणि लॅपटॉपवर फायरफॉक्स: दोन्हीकडे बुकमार्कची एकच यादी कशी ठेवायची?

तुमचा प्रश्न मला असा समजला: मोबाइलवर क्रोममध्ये तारा दाबून ठेवलेली पानं लॅपटॉपच्या फायरफॉक्समध्ये दिसत नाहीत, म्हणून तुम्ही प्रत्येक लिंक व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवता, आणि महिन्याभराने ती सापडत नाही.

क्रोमचं सिंक (म्हणजे सगळ्या उपकरणांवर माहिती आपोआप सारखी ठेवणं) फक्त क्रोमपुरतं चालतं आणि फायरफॉक्सचं फायरफॉक्सपुरतं. सेटिंग्जमध्ये कितीही शोधलंत तरी या दोघांना थेट जोडणारं बटण मिळणार नाही. त्यामुळे माझा सल्ला एकच आहे, दोन्हीकडे एकच ब्राउझर ठेवा. कुठला ठेवायचा ते तुमच्या सोयीने ठरवा, पण एकच.

मी भाषांतराचं काम करते. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा मोल्सवर्थचा कोश, मराठी विश्वकोशातल्या नोंदी, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, शिवाय प्रत्येक कामासाठी शोधलेली दहा-वीस पानं, असं सगळं बुकमार्कमध्येच असतं. अर्धं वाचन बसमध्ये मोबाइलवर होतं आणि काम घरी लॅपटॉपवर, म्हणून दोन्हीकडे एकच यादी असणं ही माझी रोजची गरज आहे. मी दोन्हीकडे फायरफॉक्स वापरते. त्याचं मुख्य कारण म्हणजे तिथे सिंक होणारी माहिती आपल्याच उपकरणावर कुलूपबंद होऊन मग सर्व्हरवर जाते, आणि त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. क्रोममध्येही त्यासाठी स्वतःचा सांकेतिक वाक्यांश (पासफ्रेज) लावता येतो, पण तो आपण आठवणीने लावावा लागतो.

तुमची जुनी यादी आधी क्रोममधून बाहेर काढावी लागेल, आणि मोबाइलच्या क्रोममध्ये ती सोय नाही. लॅपटॉपवर तात्पुरतं क्रोम टाका आणि मोबाइलवर आहे त्याच गूगल खात्याने लॉगिन करा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. लॅपटॉपवर ऑफिसचं खातं असतं आणि मोबाइलवर घरचं, मग यादी येणार कुठून? दुसरी गोष्ट म्हणजे मोबाइलवर जीमेल चालू आहे म्हणजे क्रोमही त्याच खात्याने लॉगिन झालेलं आहे असं नसतं. मोबाइलच्या क्रोममध्ये बुकमार्कची यादी उघडून बघा. काही पानं ‘फक्त या उपकरणावर’ अशा मथळ्याखाली दिसली तर ती खात्यात गेलेलीच नाहीत. ती आधी खात्यातल्या फोल्डरमध्ये हलवा.

लॅपटॉपवर सगळी यादी आली की कंट्रोल, शिफ्ट आणि ओ ही बटणं एकत्र दाबा. बुकमार्क मॅनेजर उघडेल. वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत एक्सपोर्टचा पर्याय आहे. त्यातून एक एचटीएमएल फाइल मिळते. हा नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या काळातला साचा आहे आणि डेस्कटॉपवरचे सगळे प्रमुख ब्राउझर तो आजही वाचतात. आता फायरफॉक्समध्ये तीच तीन बटणं दाबा, ‘इम्पोर्ट अँड बॅकअप’मध्ये जा आणि ही फाइल आत घ्या. पानं ‘बुकमार्क्स मेनू’ या फोल्डरमध्ये येतील. हे एकदाच करा. काही दिसलं नाही म्हणून पुन्हा इम्पोर्ट केलंत, तर प्रत्येक पान दोनदा होईल.

मग फायरफॉक्सचं खातं उघडा (त्याला आता मोझिला अकाउंट म्हणतात). मोबाइलवर फायरफॉक्स टाका आणि लॅपटॉपच्या मेनूतून दुसरं उपकरण जोडण्यासाठी जो क्यूआर कोड मिळतो तो मोबाइलच्या फायरफॉक्सने स्कॅन करा. पासवर्ड टाइप करत बसावं लागत नाही. मोबाइलवर लॅपटॉपची यादी ‘डेस्कटॉप बुकमार्क्स’ या वेगळ्या फोल्डरमध्ये असते आणि लॅपटॉपवर मोबाइलची यादी ‘मोबाइल बुकमार्क्स’मध्ये. पानं आलीच नाहीत असं वाटलं तर आधी तिथे बघा.

एक काम त्याच दिवशी करा. खात्याच्या सेटिंग्जमध्ये रिकव्हरी की तयार करून वहीत लिहून ठेवा. माहिती कुलूपबंद असल्यामुळे पासवर्ड विसरून नवा घेतलात आणि ही की जवळ नसली, तर सर्व्हरवरची यादी पुसली जाते. ज्या उपकरणावर ती आधीपासून आहे तिथे राहते, पण तोच मोबाइल हरवला असेल तर?

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. काही वर्षांपूर्वी माझ्या मोबाइलची जागा भरली होती. बुकमार्क काढले तर थोडी जागा होईल असं वाटून मी कोशांचं अख्खं फोल्डर मोबाइलवरून काढून टाकलं. लॅपटॉपवर तर आहेच, असं मी धरून चालले होते. संध्याकाळी लॅपटॉप उघडला तर तिथलंही फोल्डर गेलेलं. सिंकने त्याचं काम चोख केलं होतं, एकीकडे केलेला बदल दुसरीकडे पोचवला होता. तीनशेच्या वर पानं होती. आठ महिन्यांपूर्वीची एक एचटीएमएल फाइल पेनड्राइव्हवर सापडली म्हणून जुनी परत मिळाली. मधल्या आठ महिन्यांतली गेली ती गेलीच. त्यातल्या एका कामासाठी शोधलेले शेतीच्या अवजारांचे शब्द मला पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागले. (आणि बुकमार्क काढून मोबाइलमध्ये जागा होत नाही. ते नुसते पत्ते असतात, काही केबींचे.)

तुमच्याकडून असं झालंच तर घाबरून इकडे-तिकडे दाबू नका. डेस्कटॉप क्रोममध्ये बुकमार्क मॅनेजर उघडा असतानाच कंट्रोल-झेड केलं तर आत्ताच काढलेलं परत येतं. डेस्कटॉप फायरफॉक्स स्वतःहून आधीच्या यादीच्या प्रती ठेवतो, त्याच ‘इम्पोर्ट अँड बॅकअप’मधल्या ‘रिस्टोअर’मध्ये त्या तारखेसह दिसतात. एखादा संगणक अजून नेटला जोडलेला नसेल तर वायफाय बंद ठेवून त्यावरून फाइल काढून घ्या.

मी दर महिन्याच्या १ तारखेला एचटीएमएल फाइल काढते आणि नावात तारीख घालून पेनड्राइव्हवर ठेवते. दोन मिनिटांचं काम आहे. बुकमार्क सांभाळणाऱ्या सेवा बंद पडतात हे आपण वारंवार पाहिलंय. वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये बुकमार्क जुळवणारं एक्समार्क्स मे २०१८ मध्ये बंद झालं, गूगल बुकमार्क्स सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि पानं नंतर वाचायला साठवणारं पॉकेट जुलै २०२५ मध्ये. ज्यांच्याजवळ फाइल होती ते पुढे गेले.

ऑफिसच्या नियमांमुळे किंवा सवयीमुळे दोन ब्राउझर ठेवावेच लागत असतील, तर फ्लॉकस हे मुक्त स्रोत साधन बघा. लॅपटॉपवर ते एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, म्हणून चालतं आणि यादी तुमच्या गूगल ड्राइव्हवर किंवा नेक्स्टक्लाउडवर (हीही फाइली नेटवर ठेवायची सोय) ठेवतं. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत, म्हणून मोबाइलवर त्याचं वेगळं ॲप टाकून ‘शेअर’मधून लिंक तिकडे पाठवावी लागते. चालतं, पण एक पायरी वाढते आणि घाईत ती पायरी गाळली जाते. म्हणून मी ते पहिला पर्याय म्हणून सुचवत नाही.

मराठी पानांसाठी एक खास गोष्ट. मराठी विकिपीडियाचा पत्ता कॉपी केला की तो टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन येतो, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे नऊ इंग्रजी चिन्हांनी लिहिलं जातं. अशा पत्त्यावरून पान ओळखू येत नाही. म्हणून बुकमार्क करतानाच त्याला नीट मराठी नाव द्या, ‘नांगराचे भाग, विश्वकोश’ असं. पुढे फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत फुली, म्हणजे ॲस्टरिस्क, मग एक जागा आणि ‘नांगर’ टाइप केलं की फक्त बुकमार्कमधूनच शोध होतो. डेस्कटॉप क्रोममध्ये त्यासाठी ॲट हे चिन्ह टाइप करून बुकमार्कचा पर्याय निवडायचा.

आणि जे पान फक्त आज रात्री वाचायचंय, त्याचा बुकमार्क करूच नका. फायरफॉक्समध्ये शेअर करताना जोडलेल्या उपकरणांची नावं दिसतात, तिथून ते लॅपटॉपवर पाठवा, उघडेल. यादी आटोपशीर राहील आणि व्हॉट्सॲपवर स्वतःला लिंक पाठवायची गरजही उरणार नाही.

हे करताना कुठे अडलात तर लॅपटॉपवर विंडोज आहे की मॅक ते सांगा. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड येतं आणि काही ठिकाणी बटणं वेगळी आहेत, त्याप्रमाणे लिहीन.