तुमची बाग, तुमचे प्रश्न : डेझीचा गड्डा मधूनच का वाळतो?

प्रश्न : शास्ता डेझीचा वाफा पहिली दोन वर्षं पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरून गेला होता. यंदा प्रत्येक गड्ड्याचा मधला भाग वाळलाय, पानं आहेत ती नुसती कडेला, आणि फुलंही बारकी येताहेत. खत दिलं, पाणी वाढवलं, तरी काही फरक नाही. सगळं उपटून टाकू का?

उत्तर : उपटू नका. खत आणि जादा पाणी मात्र आजच थांबवा. तुमची रोपं उपाशी नाहीत, त्यांची दाटी झाली आहे. डेझी जमिनीलगतच्या आखूड खोडांवरून बाहेर बाहेर पसरत जाते. नवे फुटवे कडेला येतात, जुनं खोड मधोमध राहतं आणि दोन-तीन वर्षांत निबर होऊन मरतं. बहुवर्षायू म्हणून आणलेलं रोप एकदा लावलं की कायमचं, असं आपण धरून चालतो. डेझीच्या बाबतीत ते खरं नाही. दर दोन-तीन वर्षांनी गड्डा उकरून वेगळा करणाऱ्याच्याच बागेत ती टिकते.

आधी वाळलेला भाग बोटांनी दाबून बघा. कोरडा, कडक लागला तर कारण हेच. मऊ, काळपट आणि कुबट वासाचा लागला तर पाणी साचून बुंधा कुजतोय. तसं असेल तर निचऱ्याची दुसरी जागा शोधा, कारण ओल्या पायांनी ही झाडं जगत नाहीत.

गड्डा फोडायचा तो नवे कोंब दिसू लागल्यावर किंवा बहर ओसरल्यावर. ऐन उन्हाळ्यात किंवा कळ्या धरलेल्या असताना हात लावू नका. आदल्या दिवशी पाणी द्या, भोवतीची माती सैल करा आणि सबंध गड्डा उचला. कडेचे जोमदार फुटवे मुळांसकट वेगळे करा. एकेका तुकड्यात तीन-चार कोंब असले की पुरे. मधला भाग फेकून द्या. इथे पुष्कळांचा हात अडतो. मुळं दिसतात, थोडी हिरवळ दिसते, जीव होत नाही. पण तोच भाग पुन्हा लावलात तर पुढच्या वर्षी हाच प्रश्न तुम्ही मला पुन्हा विचाराल. नवे तुकडे पूर्वीच्याच खोलीवर, दीड-दोन फुटांच्या अंतराने लावा, मुळं धरेपर्यंत माती ओलसर ठेवा. रोज किमान सहा तास ऊन हवंच. वाफ्यात थोडं कुजलेलं शेणखत घातलंत की झालं. नत्र जास्त झालं तर पानं माजतात, दांडे लुळे पडतात आणि फुलं रुसतात.

प्रश्न : घरच्याच डेझीचं बी पेरलं. रोपं आली, पण फुलं आईसारखी नाहीत.

उत्तर : तशी ती येणारही नाहीत. शास्ता डेझी हा संकर आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ल्यूथर बरबँक यांनी रानटी ऑक्सआय डेझीपासून सुरुवात केली, पुढे युरोपातल्या आणि शेवटी जपानमधल्या डेझीचं रक्त त्यात मिसळलं, आणि बरीच वर्षं निवड करत १९०१ साली ही फुलं लोकांपुढे आणली. नाव दिलं माउंट शास्ता या बर्फाच्छादित पर्वताचं. इतक्या पूर्वजांची सरमिसळ असल्यावर बियांतून कोण डोकं वर काढेल, हे सांगता येत नाही. हुबेहूब तेच फूल हवं असेल तर वर सांगितल्याप्रमाणे गड्डा फोडा. नवलाई हवी असेल तर बी जरूर पेरा, मला स्वतःला त्यात फार गोडी वाटते. फक्त बी मातीत गाडू नका. वरच भुरभुरून हलकं दाबा, उगवायला त्याला उजेड लागतो.

प्रश्न : फुलदाणीत ठेवली की घाण वास येतो. पाणी खराब आहे का?

उत्तर : नाही, वास फुलांचाच. काही वाणांत तो जास्त असतो. पाणी रोज बदला, पाण्याखाली येणारी पानं काढून टाका आणि जेवणाच्या टेबलावर ती ठेवू नका. फुलं खुडायला मात्र कचरू नका. सुकलेलं फूल दांड्यासकट, खालच्या कळीपर्यंत किंवा पानापर्यंत कापलंत, तर बी धरण्यात जाणारी ताकद पुढच्या कळ्यांना मिळते आणि बहर जास्त दिवस टिकतो.